फुलबाजी विझली होती, मग पाय कसा भाजला? दिवाळीत आपण नेमकं कुठे चुकतो

माझ्या डाव्या तळपायावर दोन इंचांची एक सरळ रेघ आहे. मी तिसरीत असतानाची. नरक चतुर्दशीची पहाट, अभ्यंगस्नान उरकलेलं, नवा फ्रॉक अंगावर आणि पाय अनवाणी, कारण नव्या चपला फराळाला जातानाच घालायच्या असा आईचा हुकूम होता. आतेभावाने फुलबाजी संपल्यावर तार अंगणात टाकली. तार काळी पडली होती, धूरही नव्हता. मी त्यावर पाय दिला.

पुढचं तुमच्याही घरात कधीतरी घडलं असेल. आजीने टूथपेस्ट लावली. काकूने त्यावर हळद दाबली. दिवाळीचा दिवस, त्यामुळे डॉक्टरांचा दवाखाना दुपारी उघडला. तोवर ते सगळं वाळून कडक झालं होतं. जखम बघायची तर डॉक्टरांना आधी तो लेप काढावा लागला. भाजल्याचं मला फारसं आठवत नाही, पण तो लेप निघतानाचं रडणं आठवतं.

या गोष्टीत बॉम्ब नाही, रॉकेट नाही, कुणाचा आगाऊपणाही नाही. जे झालं ते सगळं फटाका संपल्यानंतर झालं. पेटलेल्या फटाक्याला आपण सगळेच घाबरतो. लहान मुलं कानावर हात ठेवतात, मोठे ‘लांब हो’ म्हणून ओरडतात. खरी गफलत होते ती विझलेल्या, न फुटलेल्या आणि ‘काही होत नाही’ म्हणून ठेवून दिलेल्या गोष्टींशी. फुलबाजीची तार, फुसका बार, रात्रभर तेवत ठेवलेली पणती आणि शेवटी भाजलेली कातडीसुद्धा. ती कशी, ते एकेक करून बघूया.

काळी तार थंड नसते

फुलबाजी म्हणजे लोखंडी तारेवर वाळवलेला मसाला. त्यात जळायला ऑक्सिजन पुरवणारा क्षार असतो, ॲल्युमिनियमची पूड असते, लोखंडाचा कीस असतो आणि हे सगळं चिकटवून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ. आपण ज्यांना फुलं म्हणतो ते खरं तर हवेत जळत उडणारे धातूचे कण.

जळताना फुलबाजीचं तापमान हजार अंश सेल्सियसच्या आसपास जातं. तुलनेसाठी सांगायचं तर चकली तळताना तेल साधारण १८० अंशांवर असतं आणि सोनं १०६४ अंशांना वितळतं. म्हणजे आपण चार वर्षांच्या मुलाला कढईच्या जवळपास फिरकू देत नाही आणि त्याच्याच हातात ही कांडी देऊन फोटो काढतो.

मग ठिणग्या हातावर पडल्या तरी फारसं भाजत का नाही? कारण त्या इतक्या बारीक असतात की तापमान जास्त असलं तरी त्यांच्यात उष्णता अगदी थोडी साठते. कातडीला लागेपर्यंत त्या विझतात. म्हणूनच फुलबाजी निरुपद्रवी आहे असा आपला समज होतो. तारेचं तसं नाही. ती जाड आहे, उष्णता धरून ठेवते.

आता खरी फसवणूक कुठे होते ते बघा. तापलेलं लोखंड लाल दिसतं, पण साधारण ५०० अंशांच्या खाली आलं की ती लाली डोळ्यांना दिसेनाशी होते. म्हणजे तार काळी दिसू लागते तेव्हाही ती चकलीच्या तेलापेक्षा दुप्पट गरम असू शकते. पहाटेच्या अंधारात, अनवाणी पायाला ती दिसतही नाही.

यावरचा उपाय कंटाळवाणा वाटेल इतका साधा आहे. फटाके उडवायच्या जागी पाण्याने अर्धी भरलेली बादली ठेवायची आणि संपलेली प्रत्येक फुलबाजी जळकं टोक खाली करून तिच्यात टाकायची. मुलांना हा खेळ आवडतो, कारण ‘चुस्स’ असा आवाज येतो. आणि पायात चप्पल नको, बंद बूट हवेत. नव्या कपड्यांवर शोभत नसतील तरी.

पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात फुलबाजी देऊच नये. कडेवरच्या बाळाच्या हातात तर मुळीच नाही, कारण तेव्हा ती बाळाच्या आणि तुमच्या, दोघांच्याही चेहऱ्याच्या उंचीवर असते. मोठी मुलं एकीने दुसरी पेटवताना डोकी जवळ आणतात, तिथेही लक्ष हवं. पाच-सहा फुलबाज्या एकत्र बांधून पेटवण्याचा प्रकार रील्समध्ये भारी दिसतो. एकेकटी शांत जळणारी कांडी जुडीत मात्र एकदम भडकते.

‘फुसका निघाला वाटतं’

वात पेटवली, सगळे लांब पळाले, कानात बोटं गेली आणि काहीच झालं नाही. दहा सेकंद. वीस सेकंद. मग कुणीतरी एक शूर पुढे जातो.

हा फटाका विझलेला आहे की आत हळूहळू धुमसतोय, हे बाहेरून कळायला काहीही मार्ग नाही. वात दमट असेल तर ती अडखळत जळते, मध्ये थांबल्यासारखी होते आणि पुन्हा पेट घेते. त्यामुळे न फुटलेल्या फटाक्याजवळ किमान पंधरा-वीस मिनिटं जायचं नाही. नंतर लांबूनच त्यावर बादलीभर पाणी ओतायचं आणि भिजलेला फटाका तसाच पाण्यात बुडवून ठेवायचा. पुन्हा पेटवायचा नाही. त्यात किती रुपये गेले याचा हिशेब करायचा असेल तर तो घरात बसून करावा.

भुईनळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तो आवाज करत नाही आणि म्हणून ‘बायकामुलांचा फटाका’ समजला जातो. त्याचं तोंड अरुंद असतं. मसाला दमट झाला, घट्ट बसला किंवा तोंड बंद झालं तर आतला वायू बाहेर पडायला वाट शोधतो आणि भुईनळाच फुटतो. अशा वेळी वाकून ‘पेटला का’ बघणाऱ्याचा चेहरा बरोबर त्याच्यावर असतो. पेटवताना बाजूला उभं राहायचं, हात पूर्ण लांब करायचा, लांब उदबत्ती वापरायची आणि चेहरा कधीच तोंडाच्या वर आणायचा नाही. काडेपेटी किंवा लायटर यासाठी नाहीच. त्यासाठी फार जवळ जावं लागतं.

आणखी एक गोष्ट, जी चाळीत, वाड्यात, सोसायटीत वाढलेल्या प्रत्येकाने केलेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल कागदांच्या कचऱ्यातून न फुटलेल्या लवंग्या गोळा करायच्या, फोडायच्या, दारू कागदावर काढायची आणि काडी लावायची. आम्ही त्याला ‘भक्का’ म्हणायचो. कागदाच्या नळीत असताना ही दारू फुटते, उघड्यावर ती एका क्षणात भडकते, पळायला वेळच मिळत नाही आणि तेव्हा चेहरा व दोन्ही हात तिच्यापासून वीतभर अंतरावर असतात. मोठे लोक त्या वेळी फराळाच्या ताटावर असतात. म्हणून आदल्या रात्री उशीर झाला तरी अंगण झाडण्याआधी त्यावर पाणी मारा आणि कचरा मुलं उठायच्या आत भरून टाका.

उरलेल्या फटाक्यांची पिशवी कुठे ठेवता, हेही तपासा. फटाके उडवतोय त्याच जागी पायाशी पिशवी ठेवण्याची सवय सगळ्यांना असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात नीलेश्वरमजवळच्या एका मंदिरात उत्सवाची आतषबाजी सुरू असताना साठवलेल्या फटाक्यांनी पेट घेतला आणि दीडशेहून अधिक लोक जखमी झाले. आपली पिशवी छोटी असते, पण तिच्या शेजारी उभे असलेलेही आपलेच असतात. पिशवी घरात, बंद डब्यात, स्वयंपाकघर आणि देवघर दोन्हींपासून लांब ठेवा. एका वेळी एकच फटाका बाहेर आणायचा.

(दिवाळीला गावी निघताना सामानात फटाके टाकणाऱ्यांसाठी: रेल्वेत ते नेणं गुन्हा आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गावात गेल्यावर घ्या.)

पाइपात डोकावून बघितलं आणि...

२०२५ च्या दिवाळीत भोपाळसह मध्य प्रदेशात शंभराहून अधिक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यातल्या काहींची दृष्टी गेली. कारण कार्बाइड गन. प्लास्टिकचा पाइप, कॅल्शियम कार्बाइडचे खडे, थोडं पाणी आणि लायटर. दीड-दोनशे रुपयांत रस्त्यावर मिळणारी ही वस्तू रील्समधून मुलांपर्यंत पोहोचली. मुळात हे साधन शेतात माकडं आणि पाखरं हाकलायला वापरतात.

कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन नावाचा वायू तयार होतो. वेल्डिंगवाले वापरतात तोच. ठिणगी मिळाली की तो स्फोटासारखा जळतो. पण वायू तयार व्हायला किती वेळ लागेल हे खड्यांवर आणि पाण्यावर अवलंबून, त्यामुळे प्रत्येक वेळी आवाज लगेच येत नाही. मग मुलगा पाइपात डोकावतो. इथेही तोच क्षण, ‘फुसका निघाला वाटतं’.

यात दुहेरी इजा होते. एक जळण्याची आणि दुसरी रसायनाची. कार्बाइड आणि पाण्यातून चुनाही तयार होतो. तंबाखूच्या डबीतला चुना मुलाच्या डोळ्यात गेला तर काय होतं हे ज्या घरात घडलंय त्यांना सांगायला नको. चुना डोळ्यात आत आत शिरत जातो.

म्हणून डोळ्याला इजा झाली तर दोन गोष्टींत फरक करायचा. दारू, राख, चुना असं काही डोळ्यात गेलं असेल तर डोळा चोळू न देता लगेच स्वच्छ पाण्याने धुवायला लागा आणि निदान वीस मिनिटं धुवत राहा, मग डॉक्टर. पण डोळ्यात काही घुसलेलं असेल, रक्त येत असेल किंवा बुबुळाचा आकारच बिघडलेला दिसत असेल तर पाणी नको, दाब नको, घुसलेलं काढायचा प्रयत्नही नको. कागदी कप डोळ्यावर उपडा धरून, डोळ्याला स्पर्श न होऊ देता, थेट रुग्णालय गाठायचं. मेडिकलमधून आणलेले थेंब दोन्हींपैकी कशातही टाकायचे नाहीत.

‘ग्रीन’ आहे म्हणजे?

नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेले ग्रीन फटाके २०१९ पासून बाजारात आले. त्यांच्यातून धूर आणि सूक्ष्म कण साधारण तीस टक्के कमी निघतात. बस, एवढंच. ते कमी भाजतात असं कुणीही म्हटलेलं नाही. आग तीच, तार तीच, बादली तीच.

धुराचा विषय निघालाच आहे तर नागगोळीबद्दल एक वाक्य. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने मुलं नेहमी उडवतात ते फटाके मोजून बघितले तेव्हा सूक्ष्म धूलिकणांत पहिला नंबर फटाक्यांच्या माळेचा आला नाही. तो आला नागगोळीचा. आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून ती सगळ्यात लहान मुलांना देतात आणि ती मुलं ‘नाग’ बघायला तिच्यावर ओणवी होतात. घरात कुणाला दमा असेल तर ही डबी आणूच नका.

पणती पेटवली, पण तिच्याजवळ थांबलं कोण?

पणतीची आग छोटी असते आणि ती आपल्या जागेवर असते. हलतो आपण. रांगोळी काढायला वाकलेल्या मुलीची ओढणी, उंबऱ्यावर दिवा ठेवताना मागे सरकलेला पदर, खिडकीतल्या पणतीकडे वाऱ्याने उडणारा पडदा. सुती कापड जळतं, पण नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. जखम तिथेच खोल होते. दिवाळीचे बहुतेक घागरे, ओढण्या आणि लेस आज याच धाग्यांच्या आहेत. फोटोसाठी हवं ते घाला, पण दिवे लावायला जाताना ओढणी कमरेला बांधा किंवा काढून ठेवा आणि पदर खोचा. पणत्या मुलांच्या वाटेत, जिन्याच्या पायरीवर नकोत.

मातीच्या नव्या पणत्या आधी काही तास पाण्यात भिजवायची जुनी पद्धत आहे. ती नुसती तेल वाचवायला नाही. कोरडी माती तेल पिते आणि ते खालून झिरपतं. पणतीखाली कागद, लाकूड किंवा टेबलक्लॉथ असेल तर वातीसाठी एक मोठी वातच तयार होते. भिजवलेली पणती, तिच्याखाली स्टीलची ताटली आणि ताटलीत थोडं पाणी, हे पुरतं. झोपायच्या आधी सगळ्या पणत्या शांत करायच्या. ‘लक्ष्मी येते तेव्हा दिवा हवा’ असं घरात कुणी म्हणत असेल तर बॅटरीचा दिवा लावून ठेवा. या एका बाबतीत मी आजीशी वाद घालून जिंकले आहे.

मेणाच्या छोट्या दिव्यांचं आणखी एक आहे. ते चिकटून-चिकटून रांगेत किंवा गोलात लावले की एकमेकांना तापवतात आणि कधी कधी वातीऐवजी वितळलेलं सगळं मेणच पेट घेतं. मग आपण घाईत पाणी मारतो आणि तिथे मोठा भडका उडतो. कढईतलं तेल पेटल्यावरही हेच होतं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या सतराशे पट जागा लागते आणि ती जळतं तेल घेऊन वर उसळते. पेटलेल्या तेलावर किंवा मेणावर पाणी कधीच नाही. गॅस बंद करा, घट्ट बसणारं झाकण किंवा परात त्यावर सरकवा आणि ती लगेच उचलून बघू नका. चकल्या गेल्या तर जाऊ द्या.

आकाशकंदिलाची वायर गेल्या वर्षीची असेल तर आज काढून बघा. टेपने जोडलेला सांधा असेल तर बदला आणि आत एलईडी बल्बच लावा. जुना पिवळा बल्ब कागदाला फार तापवतो. उडते कंदील मात्र विकतच घेऊ नका. तो जिथे उतरतो तिथे पेटलेला उतरू शकतो आणि मुंबई पोलिस त्यांच्यावर बंदीचे आदेश काढत आले आहेत.

कपड्यांनी पेट घेतला तर

माणूस पळतो. पळण्याने आगीला हवा मिळते आणि ती वर, चेहऱ्याकडे जाते. थांबायचं, जमिनीवर आडवं व्हायचं, तोंड हातांनी झाकून लोळायचं. मुलांना हे दिवाळीआधी एकदा गादीवर खेळ म्हणून करून दाखवा, कारण त्या क्षणी सांगून समजत नाही. बाजूच्या माणसाने जाड सुती चादर, सतरंजी किंवा घोंगडी गुंडाळायची. पाणी जवळ असेल तर सरळ ओता.

आग विझली, भाजणं चालू आहे

आता तारेची गोष्ट पुन्हा, पण तुमच्या कातडीची. आग दूर झाली तरी कातडीत शिरलेली उष्णता तिथेच असते आणि खालच्या थरांकडे सरकत राहते. तिला बाहेर काढणं हाच प्रथमोपचार. त्यासाठी लागतं साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं.

वीस मिनिटं म्हणजे मालिकेचा एक भाग, जाहिराती वगळून. घरात बहुतेक जण दोन मिनिटांत नळ बंद करतात, कारण आग थांबल्यासारखी वाटते. करू नका. अनेक ठिकाणी पालिकेचं पाणी ठरावीक वेळेलाच येतं, तेव्हा संध्याकाळी दोन बादल्या भरून ठेवा. मग्याने सतत ओतलेलं पाणीही चालतं. त्या वेळी जमलं नसेल तर भाजल्यापासून तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. मूल लहान असेल तर फक्त भाजलेल्या भागावर पाणी सोडा आणि बाकीचं अंग चादरीत गरम ठेवा, नाहीतर ते गारठतं.

पाणी चालू असतानाच बांगड्या, अंगठी, पैंजण, घड्याळ काढा. थोड्या वेळात सूज येते आणि मग ते कापूनच काढावं लागतं. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका, आजूबाजूचं कापून घ्या.

बर्फ नको. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच जखमी झालेल्या कातडीचं आणखी नुकसान होतं. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याची सालं, यातलं काहीही नको. ते उष्णता आत कोंडतात, जंतूंना वाट देतात आणि जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसू देत नाहीत. फोड फोडू नका. वीस मिनिटांनंतर स्वच्छ, न रंगवलेलं सुती कापड सैलसर ठेवा.

घरी थांबायचं की रुग्णालयात जायचं? भाजलेला भाग रुग्णाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठा असेल, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जांघेत असेल, विजेमुळे असेल, किंवा रुग्ण लहान मूल अथवा वयस्कर माणूस असेल तर थांबू नका. आणि एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा: खूप दुखतंय म्हणजे जखम खोल आहे असं नाही. कातडी पांढरी किंवा काळी पडलीय आणि दुखतच नाही, तर संवेदना देणाऱ्या नसाच जळाल्या आहेत. तिथे सगळ्यात जास्त घाई करायची. जखम छोटी असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

अग्निशमन दल १०१, रुग्णवाहिका १०८, कुठलीही आपत्कालीन मदत ११२. मुंबईत कस्तुरबा रुग्णालयात, पुण्यात ससूनमध्ये भाजलेल्या रुग्णांसाठी वेगळी व्यवस्था आहे, नवी मुंबईत ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे. तुमच्या गावात लक्ष्मीपूजनाच्या रात्री कोणता दवाखाना उघडा असतो आणि डोळ्यांचे डॉक्टर कोण भेटतील, हे वसुबारसेलाच फोन करून विचारून ठेवा. नंबर फॅमिली ग्रुपवर टाका आणि पिन करा.